चाकांची खांदमळण

परभणीत असताना ज्या बाईनं माझ्या झोपेचं खोबरं केलं, तिच्याबद्दल लिहायला बसले आणि आधी हसूच यायला लागलं. खरं म्हणजे रागानं लिहायचं ठरवलं होतं.

मी सरकारी दवाखान्यात नर्स. रात्रपाळी करून सकाळी खोलीवर यायचं, चहा-भाकर खायची, खिडकीला चादर लावायची आणि दुपारपर्यंत मेल्यासारखं झोपायचं, एवढीच माझी चैन. रेल्वेच्या रुळांपलीकडं पत्र्याच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. मधे कमरेएवढी भिंत आणि भिंतीपलीकडं तशाच आणखी दोन खोल्या. त्या बरेच दिवस रिकाम्या होत्या, म्हणून मी सुखात होते. मग एका सकाळी डोळा लागतो न लागतो तोच पलीकडून खर्र खर्र सुरू झालं. उशी कानावर दाबली, कूस बदलली, देवाचं नाव घेतलं. शेवटी उठले आणि तणतणत भिंतीपाशी गेले.

अंगणात एक दणकट, सावळी बाई लुगड्याचा काचा मारून बसली होती. पुढ्यात पाट होता आणि पाटावर जीपचं चाक. जावयाला बसवावं तसं ते मांडलेलं, आणि बाई कंदिलाच्या फुटक्या काचेनं त्याचा जुना रंग खरवडत होती.

"अहो बाई, इथं माणसं झोपतात," मी म्हणाले.

तिनं मान वर केली नाही. "झोपा की. म्या काय तुमच्या कानात घासायलेय व्हय?"

ही कौसाक्का. तिच्याशी झालेलं माझं पहिलं बोलणं हे असं. संध्याकाळी मात्र वाटीभर आमटी भिंतीवर ठेवून गेली आणि म्हणाली, "शिष्टरबाई, राग खाऊन पोट भरत न्हाई. ही खा." आमटी इतकी झणझणीत होती की राग कुठल्या कुठं गेला, नुसतं नाक वाहत राहिलं.

कौसाक्का मूळची राणीसावरगावची. बापाला सगळ्या मुलीच. बैल मात्र देखणे, आणि पोळ्याला त्यांची शिंगं साळून रंगवायचं काम घरात पुरुष नाही म्हणून हिच्याकडं आलं. काचेच्या तुकड्यानं शिंग गुळगुळीत करायचं, वार्निश द्यायचं, वर पट्टे ओढायचे, बेगड चिकटवायची. गावातले बाप्ये आधी हसले आणि मग हळूच आपापले बैल तिच्या दारात आणून बांधायला लागले, असं ती सांगायची. खरं-खोटं ती जाणे. स्वतःची तारीफ करताना ती कधी हात आखडता घेत नसे.

लग्न झालं आणि बैल सुटले. नवरा ज्ञानोबा अगदी गरीब स्वभावाचा, पण त्याच्या घरी ऊसतोड. दिवाळी झाली की नवरा-बायकोनं कोयता घेऊन टोळीबरोबर निघायचं आणि उन्हाळ्यात परत यायचं. कारखान्यावरच ज्ञानोबा ट्रॅक्टर चालवायला शिकला, लायसन काढलं, आणि परभणीतल्या एका बियाण्याच्या शेठकडं डायव्हर म्हणून लागला. त्यामुळं कोयता सुटला. ह्या एका गोष्टीपुढं कौसाक्काला जगातली कुठलीच गोष्ट मोठी वाटत नसे.

एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, "पाचट अंगाला कापतं, त्येचं काय न्हाई. पर पाटंच्या थंडीत वली मोळी डोस्क्यावर घेतली ना, की मान वाकती. धा वरसं वाकली माझी. आता वर केलीय. पुन्ना काय खाली घालायची न्हाई म्या." एवढं बोलून तिनं भाकरी अशी आपटली की तव्याखालचं लाकूड हललं.

शहरात आल्यावर, आमच्या शेजारी यायच्या आधीच, पहिला पोळा आला आणि हिचे हात शिवशिवायला लागले. बैल नाहीत, शिंगं नाहीत, करायचं काय? दारात शेठची जीप उभी होती. ज्ञानोबा दुपारी झोपला होता. तो उठून बाहेर आला तेव्हा जीपच्या चारी चाकांवर हिरवा रंग, त्यावर पिवळे पट्टे आणि मधल्या टोपणावर बेगडाची चकाकी. ज्ञानोबा म्हणे तिथंच पायरीवर बसला. आता नोकरी गेली, असंच त्याला वाटलं. पण शेठ माणूस व्यापारी. तशीच जीप त्यानं बाजारातून फिरवली, पोरं मागं पळाली, दुकानात गर्दी झाली आणि शेठ म्हणाला, "पोळा संपेपर्यंत राहू दे."

तिथून हिचा धंदा सुरू झाला. टॅक्सीवाले, जीपवाले, कुणाच्या चाकाला गंज, कुणाचं दगडाला घासलेलं, सगळे हिच्या अंगणात यायला लागले. त्यांना पट्टे नको असत, साधा चांदीचा रंग हवा असे. ती तोंड वाकडं करून तो द्यायची. "चांदी काय, म्हाताऱ्याच्या डोस्क्यावर बी असती," म्हणायची.

पण तिचे कायदे होते. पहिला कायदा, चाक जमिनीवर ठेवायचं नाही, पाटावर ठेवायचं. दुसरा, रंग चालू असताना कुणी शिंकायचं नाही. आणि सगळ्यात कडक कायदा म्हणजे एकटं चाक घ्यायचं नाही. एकदा कुठल्या तरी खात्याचे एक साहेब रिक्षातून एकच चाक घेऊन आले. हिनं हातसुद्धा लावला नाही.

"जोडीनं आना," म्हणाली.

"अहो, दुसरं चांगलं आहे," साहेब म्हणाले.

"मंग बायकोच्या एकाच हातात बांगड्या भरता का, दुसरा चांगला हाय म्हून?"

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी आभाळाकडं पाहिलं. साहेब दुसरं चाक घेऊन आले.

प्रत्येक चाकाचा स्वभाव तिला कळायचा म्हणे. हे मारकं आहे, हे लाजाळू आहे, हे नुसतं खादाड, कितीही रंग पाजा, पितच राहतं. मी म्हणायचे, "अक्का, लोखंड आहे ते." ती म्हणायची, "तुमचे पेशंट बी हाडं-मासच की. तरी त्येंच्याशी बोलताच ना?"

एकदा मात्र आमचं कडाक्याचं वाजलं. डास झालेत म्हणून तिनं माझा फ्लिटचा पंप मागून नेला. आठवडा झाला, पंप परत येईना. एका दुपारी मी धुतलेला पांढरा युनिफॉर्म दोरीवरून काढला आणि बघते तर त्याच्यावर सगळीकडं चांदीचे बारीक ठिपके. पलीकडं कौसाक्का माझ्याच पंपात चांदीचा रंग भरून चाकावर फुसफुस मारत होती आणि वारा माझ्या बाजूला.

मी जे तोंड सोडलं ते सोडलं. तिनं सगळं ऐकून घेतलं, पंप खाली ठेवला आणि शांतपणे म्हणाली, "शिष्टरबाई, कुंचल्याचे वरखाडे ऱ्हायचे. तुमच्या पंपानं कसं पावडर लावल्यावानी बसतंय, बघा तरी." मला बघायचं नव्हतं, पण बघितलं. खरंच सुरेख बसला होता. युनिफॉर्मचे ठिपके काही गेले नाहीत. वॉर्डातल्या एका म्हातारीनं त्या रात्री मला विचारलं, "बाई, लग्नाहून आलाव का?" पंप मी तिलाच देऊन टाकला.

आता मुख्य गोष्ट. एका वर्षी शेठनं जीप विकली आणि मारुती घेतली, पांढरीशुभ्र. गाडीपेक्षा तिची चाकं मोठी होती, म्हणजे मानानं. मुंबईहून मुद्दाम मागवलेली ॲलॉयची चाकं, फुलाच्या पाकळ्यांसारखे त्यांचे आरे. परभणीत तोवर असली चाकं कुणी पाहिली नव्हती. शेठ दुकानातून उठून दिवसातून कितीदा तरी ती बघून यायचा. ज्ञानोबाला त्यानं बजावलं होतं, "ज्ञानोबा, गाडी पुसायला विसरलास तर माफ. पण ह्या चाकांना खरचटलं, तर चावी टेबलावर ठेवायची आणि गावाकडं जायचं."

कौसाक्काला ती चाकं आवडली नाहीत. "नटवी हायती," म्हणाली. पण मी पाहिलंय, ज्ञानोबा जेवायला आला की ती पदरानं हळूच एखादा आरा पुसायची.

पोळ्याच्या दोन-तीन दिवस आधी शेठ आगगाडीनं औरंगाबादला गेला आणि जाताना ज्ञानोबाला म्हणाला, पाहुण्यांना वालूरला सोडून ये. येताना अरुंद पुलावर समोरून बैलगाडी आली. पोळ्यासाठी शिंगं रंगवून आणलेले खोंड, बुजले तर नाल्यात जायचे. ज्ञानोबानं गाडी डाव्या अंगाला दाबली आणि पुलाच्या दगडाला दोन्ही चाकं घासत गेली.

तो घरी आला तेव्हा मी कामावर निघाले होते. माणूस गाडीतून उतरला आणि भिंतीला टेकून उभाच राहिला. कौसाक्का बाहेर आली, चाकांजवळ वाकली. पाकळ्यांच्या कडा चावल्यासारख्या झाल्या होत्या. तिच्या तोंडाचा रंग उडालेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. पुढं दिवाळी होती आणि दिवाळीनंतर टोळ्या निघायच्या, हे तिघांच्याही मनात होतं.

मग ती म्हणाली, "बैलं वाचली ना?"

"वाचली."

"मंग उटा. जॅक काढा."

पंक्चरवाल्याकडून टायर उतरवून आणले. मारुती विटांवर चढली आणि तिच्यावर ताडपत्री पडली. ज्ञानोबा म्हणाला, "दोनच घासलीत." त्यानं हे बोलायलाच नको होतं. कायदा म्हणजे कायदा. कौसाक्कानं चारी चाकं पाटांवर मांडली आणि न घासलेल्या चाकांचाही मुंबईचा रंग काचकागदानं काढायला घेतला. परतीची वाटच बंद. ज्ञानोबा माझ्या खोलीत येऊन पाणी पिऊन गेला, कारण स्वतःच्या घरात त्याला पाणी गिळवेना.

खड्ड्यांत तिनं लांबीचा लगदा भरला, सुकू दिला, ओल्या कागदानं घासून कडा एकसारख्या केल्या. बोट फिरवायची, डोळे मिटायची, पुन्हा घासायची. मी सकाळी आले की तो खर्र आवाज चालूच असायचा आणि खरं सांगते, त्या दोन दिवसांत मला एकदाही त्याचा राग आला नाही. उलट तो थांबला की मीच दचकून उठायचे.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी चारी चाकं उघडीनागडी, गुळगुळीत होऊन बसली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी रंग, संध्याकाळी शेठ. सगळं जमून आलं होतं. आणि तिथंच घोळ झाला.

त्या संध्याकाळी आमच्याकडं बैलांची खांदमळण असते. वर्षभर जू ओढून दुखावलेले खांदे कोमट पाण्यानं शेकायचे, हळद-तुपानं चोळायचे आणि बैलाला सांगायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाया या. कौसाक्का शहरात आल्यापासून हे चाकांना करायची. पण एरवी रंगवून झालेल्या चाकांना, मधल्या भोकाभोवती बोटभर. यंदा जीव टांगणीला लागलेला. बाईनं हळद कालवलेलं वाटीभर तूप घेतलं आणि त्या उघड्या चाकांना आऱ्याआऱ्यांतून, कडाकडांतून, न्हाऊ घातल्यासारखं चोळलं. डोळ्यांत पाणी. "आज आवतन घ्या, उद्या जेवाया या. आन माझ्या धन्याला संभाळा," असं म्हणाली. मी भिंतीशी उभी होते. मलाही भरून आलं. दोघींपैकी एकीच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही.

सकाळी तिनं फडक्यानं चाकं पुसली, पंप भरला आणि पहिल्या चाकावर रंग मारला. रंग बसला, थरथरला आणि फाटलेल्या दुधासारखा गोळा होऊन खाली घसरला. दुसरं चाक, तेच. खाली पिवळट मेटल आणि वर चांदीचे थेंब. कौसाक्का पंप हातात धरून बसून राहिली.

"माझी मायाच आडवी आली," ती म्हणाली. "म्याच आवतन दिलं आन म्याच ताट सांडलं."

ज्ञानोबानं सदरा घातला आणि शेठची गाडी कधी येते ते बघायला स्टेशनवर गेला. चालत. तो गल्लीच्या टोकाला दिसेनासा होईपर्यंत ती बघत होती. मी तिच्या शेजारी जाऊन बसले.

पण माणसाचं नशीब कुठून उघडेल सांगता येत नाही. ती नामांतराची वर्षं. विद्यापीठाच्या नावावरून औरंगाबादेत मोर्चे, बंद, कधी बस थांबायच्या तर कधी रेल्वे. ज्ञानोबा परत आला तो जवळजवळ पळतच. "गाडी न्हाई. तिकडं समदं बंद हाय. शेठचा दुकानात फोन आला, उद्या सांजच्याला येतो म्हन्ले."

कौसाक्का उठली. बंब पेटला. धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यानं चाकं धुतली, राखेनं घासली, पुन्हा धुतली. तरी बोट लावलं की निसरडं. मग मला माझं काम आठवलं. सुई टोचायच्या आधी आम्ही कातडी पुसतो ती कशानं? खोलीतून माझी स्पिरिटची बाटली आणि कापसाचा गठ्ठा आणला आणि आम्ही दोघी चाकांना इंजेक्शन द्यायचं असल्यासारख्या पुसत बसलो. कापूस पिवळा यायचा. पांढरा येईपर्यंत पुसलं.

चाकं कोरडी झाली तरी ती रंगाला हात लावीना. "दिलेलं आवतन धुऊन टाकलं, शिष्टरबाई. बिनाआवतनाचं कसं जेवू घालू?" मी कपाळावर हात मारला. म्हटलं, आता ही पुन्हा तूप आणते की काय. तिनं आणलंच. पण चाकांकडं गेली नाही. ज्ञानोबापुढं जाऊन उभी राहिली.

"सदरा काढा."

"कामून?"

"गाडी वढतंय कोन? चाकं का तुमी? काढा."

आणि पोळ्याच्या त्या संध्याकाळी, बाहेरून मिरवणुकीचे ताशे ऐकू येत असताना, कौसाक्कानं नवऱ्याचे खांदे कोमट पाण्यानं शेकले आणि हळद-तुपानं चोळले. मोळ्या वाहून त्या खांद्यांना घट्टे पडलेले होते. तो लाजून चूर झालेला, मान खाली. "शिष्टरबाई बघायल्यात," म्हणाला. "बघू द्या," ती म्हणाली आणि त्याच्या कानाशी वाकून म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाया या." ज्ञानोबा हसला. तीन दिवसांत पहिल्यांदा हसला. मी आत निघून आले. त्या दोघांसाठी मला इतकं बरं वाटत होतं की काय सांगू.

दुसऱ्या दिवशी देवानं ऊन दिलं. रंग बसला. एक हात, सुकला, दुसरा हात, सुकला, वर पारदर्शक वार्निश. तिसऱ्या प्रहरी टायर चढले, मारुती विटांवरून उतरली. सांज झाली, मी ड्युटीवर जायला निघाले होते, पण दवाखाना काही पळून जात नाही. थांबले.

शेठ रिक्षानं थेट गल्लीतच आला. पिशवी रिक्षातच, आधी गाडीकडं. चारी बाजूंनी फिरला. ज्ञानोबा चावी मुठीत धरून उभा. शेठ वाकला, मागच्या चाकाला रुमाल लावला आणि खूश होऊन म्हणाला, "बघ ज्ञानोबा, ह्याला म्हणतात मुंबईचा माल. वापरून इतके दिवस झाले, पण चमक बघ. आपल्याकडं कुणाला जमणार आहे असलं काम?"

संपलं होतं. गप्प बसलं की झालं. ज्ञानोबानं सुटकेचा श्वासही सोडला. पण दाराआड कौसाक्का उभी होती. तिनं पदर खोचलेला मी पाहिला. मी मानेनं नको नको म्हणाले.

"मुंबईचा कसला," ती बाहेर येऊन म्हणाली. "माझ्या हातचा हाय त्यो."

ज्ञानोबानं डोळे मिटले.

मग तिनं सगळं सांगितलं. पूल, बैलगाडी, दगड, तूप, स्पिरिट, सगळं. काही लपवलं नाही. "चूक झाली म्हना, चावी घ्या. आमी जातो कोयत्यावर. पर हात माझे आन नाव मुंबईचं, हे न्हाई सोसायचं मला." आवाज ठाम होता, पण खोचलेला पदर सुटून तिच्या मुठीत आला होता.

शेठनं रुमाल खिशात ठेवला. मग म्हणाला, "कुठं घासलं होतं ते दाखव."

"हितं," म्हणून ती डाव्या पुढच्या चाकापाशी बसली. कडेवरून बोट फिरवलं. थांबली. पुन्हा फिरवलं. दुसऱ्या पाकळीवर गेली, डोळे मिटून चाचपलं, मग मागच्या चाकाकडं सरकली. ज्ञानोबाही वाकला. दोघं शोधायला लागले. शेवटी ती तशीच उकिडवी बसून शेठकडं बघत म्हणाली, "हितंच हुतं की वो. घावना झालंय."

शेठला हसू आवरेना. "तुलाच घावना, तर मी कशाची चावी घेऊ?" म्हणाला. "चल ज्ञानोबा, दुकानाकडं घे."

गाडी गेली. कौसाक्का धुळीत बसकण मारून आधी हसली आणि मग हमसून हमसून रडली. मी तिला पाणी दिलं. त्या दिवशी ड्युटीला उशिरा पोचल्याबद्दल मी मेट्रनची बोलणी खाल्ली आणि ती मला गोड लागली.

दिवाळीनंतर माझी बदली झाली. कौसाक्का सकाळपासून घरी नव्हती, ज्ञानोबा म्हणाला, कामाला गेलीय. निरोप न घेता निघावं लागतंय म्हणून मी रिक्षात तोंड पाडून बसले. रेल्वेचं फाटक बंद होतं. फाटकाशी ऊसतोडीला निघालेला एक ट्रॅक्टर थांबलेला, मागच्या ट्रॉलीत बायाबाप्ये, लेकरं, भांडीकुंडी, शेळ्या. आणि ट्रॅक्टरच्या भल्यामोठ्या चाकापाशी कौसाक्का, एका हातात डबा, दुसऱ्या हातात कुंचला, हिरव्यावर पिवळे पट्टे ओढत होती. ट्रॅक्टरवाला वरून ओरडत होता, फाटक उघडेल म्हणून. ती त्याला मोजत नव्हती.

ट्रॉलीतल्या बाया तिच्या ओळखीच्या असाव्यात. त्यातली एक वाकून म्हणाली, "कौसे, येतीस का? सरकून घेतो, जागा हाय."

कौसाक्कानं कुंचला डब्यात बुडवला, मान वर करून तिच्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "कशी येऊ गं? मी कामात हाय."